अर्धं दुमडलेलं पान

मे महिना, मंगळवार, संध्याकाळ

आज वाचनालयाच्या उन्हाळी शिबिरात आम्ही जुन्या पुस्तकांची दुमडलेली पानं सरळ करत बसलो होतो. चौथीतली रिया कूलरच्या आवाजावर ओरडली, "आजी, ह्या मानसानं तं पूर्ण पानच मधातून दुमडलं वो! दंड लावा त्याले!"

असं उभं पान दुमडायची खोड फक्त ह्यांची. किती बोलले असेन मी त्यावरून. ते गेल्यावर हे पुस्तक मीच परत केलं होतं, न उघडता.

म्हटलं, "राहू दे वं, ते मी पाहतो."

पुस्तक घरी आणलं. पान सरळ करायला हात धजेना. पहिल्यापासून वाचायला घेतलंय. घरीच अक्षरं शिकलेली मी, हळू वाचते. तेच बरं आहे. त्या पानापर्यंत ह्यांनी वाचलंय. पुढचं मला एकटीला वाचावं लागेल.