कवटीखालचं पहिलं नाव

मी, उबुकाता तेप्पेई, वय वर्षं बावीस, दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडलेला, सध्या राहणार नेझूंच्या टोफूच्या दुकानावरची खोली, याइझु बंदर, पूर्ण शुद्धीत आणि बऱ्यापैकी रागात लिहून ठेवतो की, उद्या सकाळी नगरपालिकेचं दार उघडलं की मी मरणार. देह राहील, आडनाव जाईल. दुकानाचे मालक नेझू, मी त्यांच्याकडेच कामाला; त्यांना मुलगा नाही. त्यांच्या मुलीशी, चिझुरुशी, लग्न करायचं तर दत्तक जावई होऊन नेझू म्हणवून घ्यायचं, ही त्यांची अट. मी पुष्कळदा ठणकावून नाही म्हणालो. शेवटी चिझुरु स्वतः विचारायला आली, तेव्हा तोंडातून हो निघालं. म्हणून उबुकाता तेप्पेईच्या मालमत्तेची व्यवस्था अशी:

१. थोरला भाऊ किइची. "उबुकातांचा पोरगा सासऱ्याचा टोफू विकणार? लाज आण जरा!" असं यांनी मला भर गल्लीत सुनावलं. त्यांना घराण्याच्या थडग्यातली माझी जागा देतो. मला आता नेझूंच्या थडग्यात जावं लागणार. दादा, तुझ्या अस्थी मधोमध ठेवायला सांग, ऐसपैस होईल.

२. कॉलेजसाठी शिवलेला सूट गणिताच्या सरांना. माझा पेपर त्यांनी वर्गात हसत हसत वाचून दाखवला होता. सूट त्यांच्या पोटावर बसणार नाही हे मला ठाऊक आहे. म्हणूनच देतोय.

३. टोफू पोचवायची सायकल मालकांची. घंटा मी बसवलेली. ती काढून घेतली आहे.

४. मुख्य मालमत्ता: टीव्हीला जोडलेला पिनबॉलचा जुना व्हिडिओ गेम. पडद्यावर स्मशान, चेंडू उडवायला खाली हाताची दोन हाडं, मधे कवटी. तिच्या जबड्यात चेंडू गेला की ती डोळे उघडते आणि आत आणखी एक स्मशान लागतं. चिझुरु म्हणते, तिला ती कवटी बघवत नाही. कवटीखाली जास्त गुण मिळवणाऱ्यांची यादी येते. त्यात पहिलं नाव 'उबुकाता तेप्पेई'. यंत्र बंद केलं की यादी पुसली जाते, म्हणून उन्हाळ्यापासून मी ते बंदच केलेलं नाही. मालक जिन्याखालून ओरडतात, "ए, ते भुताडं बंद कर! वीज काय समुद्रातून येते?" नगरपालिकेत माझं नाव खोडलं जाईल, निदान इथे तरी राहावं, एवढीच इच्छा. यंत्र हलवायचं तर बंद करावं लागेल. तेव्हा ते याच खोलीत राहील आणि मालक ते सांभाळतील.

इथवर लिहून साक्षीदार आणायला खाली गेलो. मालक सोयाबीन भिजत घालत होते; ते आटपेपर्यंत तासभर थांबावं लागलं.

"लग्नाच्या आदल्या दिवशी मृत्युपत्र? डोक्यात टोफू भरलाय का रे?" असं म्हणत, हात पुसत, तरी वर आले.

चिझुरु टीव्हीपुढे बसली होती.

५. दुरुस्ती. यादीत माझं नाव आता दुसरं आहे. पहिलं 'उबुकाता चिझुरु'.

"तू तर घाबरायचीस!" मी ओरडलो.

"तू सायकलवर गेलास की रोज खेळायचे. तुझं नाव वर राहावं म्हणून मुद्दाम हरायचे. आज नाही हरले."

मालकांनी चष्मा पुसून पडदा वाचला. "हे काय गं? आपण नेझू."

"कचेरीत तो नेझू, बाबा. इथे मी उबुकाता. कुणी बंद करून तर बघा."

मालकांनी वाकून यंत्राचं बटण पाहिलं. मग म्हणाले, "बटणावर चुकून हात पडेल कुणाचा. काहीतरी चिकटवा त्याच्यावर."

सबब कलम ४ रद्द. खेळ चिझुरुला दिला. पहिल्या नंबरावरचा हक्क मात्र मी सोडलेला नाही. उद्या कचेरीतून आल्यावर बघतोच तिला.

सही: उबुकाता तेप्पेई (या नावाची शेवटची)
याइझु, २१ नोव्हेंबर १९९१, संध्याकाळ

साक्षीदार:
चिझुरु: वारस झाल्यामुळे बाद.
किइची: थडग्यात जागा घेतल्यामुळे बाद.
नेझू गेनपाची, टोफूवाले: यांना विजेच्या बिलाखेरीज काहीही मिळत नाही, म्हणून चालतात. सही केली.