निम्मी लाल पेन्सिल

बुलढाणा. गुरुवार, संध्याकाळ.

आज चांगलीच फजिती झाली, आणि तरी हसू थांबत नाही.

परदेशातला तो गर्दी खेचणारा पुढारी, एकदा हरून पुन्हा सत्तेवर आला. भूगोलवाला या विजयाकडे कसा बघतो, यावर आज कॉलेजात मी बोललो. त्यासाठी रविवारभर बसून नकाशा रंगवला होता. तो जिंकला ते जिल्हे लाल, बाकीचे निळे. लाल पेन्सिल निम्मी संपली. जवळजवळ सगळा देश लाल दिसत होता, तेव्हा मी ऐटीत सांगून टाकलं की साऱ्या देशानं त्याला डोक्यावर घेतलं.

डोणगावची वंदना शेवटच्या बाकावरून उठली. "सर, हे मधातलं लाल तं वाळवंट हाय ना? तिथं मत द्याले माणसं किती राह्यतात?"

 इतकी वर्षं पोरांच्या वह्यांत जमिनीलाच माणसं समजायची हीच चूक दाखवत आलोय, मग स्वतः का केली? रंगवायला मजा आली म्हणून, दुसरं काय.

मग तिलाच कोरा नकाशा दिला. जिथं जितकी मतं, तिथं त्या प्रमाणात ठिपके. पुढारी जिंकलेलाच दिसला, पण थोडक्या फरकानं, आणि गावोगावी लाल-निळे ठिपके एकमेकांना खेटून.

"म्हंजे घराघरात वाद असंन, सर."

माझ्या तासाभराच्या भाषणात एवढं आलं नव्हतं.

निम्मी पेन्सिल मी वाळवंटात घालवली होती. माणसं तिच्या नुसत्या टोकात मावली.