जिताडा उरणचा होता

बाबा, परवा गावच्या सभेत पुन्हा तुझं नाव निघालं. कंपनीने बांधून दिलेलं समाजमंदिर पाडायचं घाटतंय. पलीकडे टॉवर बांधणारा बिल्डर म्हणतो, त्या जागी मी स्वखर्चाने ‘कोळी संस्कृती केंद्र’ बांधून देतो. भिंतीवर जाळी टांगणार, काचेत होडी ठेवणार, दारावर त्याचं नाव. मी उठून नको म्हणाले. तसा मागच्या खुर्चीवरून एक जण बोललाच, की कंपनीच्या साहेबाला जिताडा चारून गाव विकणाऱ्या नाखव्याच्या पोरीने आम्हाला शहाणपण शिकवू नये. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला म्हटलं, माझ्या बापाने गाव विकलं तर तू कशाला गिऱ्हाईक झालास रे, तुझं लग्न त्याच समाजमंदिरात लागलं ना? सगळे हसले, तो खाली बसला, आणि मी लढाई जिंकल्यासारखी डोंबिवलीला परत आले. पण तेव्हापासून चैन नाही. सभेत रागाच्या भरात सगळं उलटंपालटं होतं, म्हणून इथे नीट क्रमाने लिहितेय.

माझ्या लहानपणी तू खाडीतून परत यायचास तेव्हा मी शाळेआधी धक्क्यावर येऊन उभी राहायचे. बोय, चिंबोऱ्या, निवट्या, आणि नशिबात असेल त्या दिवशी एखादा जिताडा. मग वरच्या अंगाला कंपनी आली, तिचं पाणी खाडीत सुटायला लागलं, आणि मी सातवीत जाईपर्यंत तुझ्या जाळ्याला काळा, रॉकेलसारख्या वासाचा चिखल लागायला लागला. बोय पोट वर करून तरंगायची. आय पाटी घेऊन ठाण्याच्या बाजारात बसली की बायका मावरं उचलून नाकाशी नेत आणि परत ठेवून पुढच्या कोळणीकडे जात. वीस वर्षं त्याच जागी बसणारी माझी आय, तिच्या पाटीचा वास घेत लोक! तो अपमान मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

नेमकं तेव्हाच कंपनीने गाव दत्तक घेतलं. पेपरात तसं छापून आलं. मी ते वाचून दाखवल्यावर आय म्हणाली, ‘आयबाप जिते असून पोर दत्तक कसं गो घेतान?’ पण घेतलं बाई. समाजमंदिर आलं, बालवाडी आली, नळ आला, बायकांसाठी शिलाईचा वर्ग आला. नळावर पाटी, बालवाडीवर पाटी, शिलाई मशीनवरसुद्धा कंपनीचं नाव. पोरांना पिवळ्या टोप्या वाटल्या, त्यावरही तेच नाव. जिची पाटी तुम्हीच बुडवलीत तिला ब्लाउज शिवायला शिकवायचं आणि वर फोटो काढायचा, याला काय म्हणायचं ते मला तेव्हाही कळत होतं. तू समाजमंदिराला हो म्हणालास याचा मला राग होता, आजही आहे. तू म्हणायचास, देतात ते घेऊ, बोलायचं ते बोलू. घेतल्यावर बोलणं किती जड जातं, हे तुझ्यासारख्या नाखव्याला कळायला हवं होतं.

तरी तुझा बेत होता, आणि तो चांगला होता, हे गावातल्या एकालाही आज आठवत नाही. उद्घाटनाला कंपनीचा परदेशातला मोठा साहेब येणार होता. त्याला आपल्या घरी जेवायला बोलवायचं तू ठरवलंस. आपल्या खाडीत जिताडा उरला नव्हता, म्हणून उरणच्या आत्याकडून मागवायचा. पाहुण्याचं पोट भरलं, त्याने वाहवा केली, की त्याच्या तोंडावर सांगायचं, बाबा रे, हे मावरं दुसरीकडून आणावं लागलं, आमचं तुझ्या पाण्याने मेलं. आधी मान द्यायचा, मग बोलायचं, ही तुझी रीत. कंपनीत गावकल्याणाचं काम बघणारा एक अधिकारी होता, आपलाच मराठी माणूस, सफारीवाला, गोड बोलायचा, तुला ‘काका काका’ करायचा. तो म्हणाला, मी करतो की तुमचं बोलणं इंग्रजीत. तू म्हणालास, आमची पोरगी बोलंल. त्याच्यावर तुझा विश्वास नव्हता, माझ्यावर होता. आदल्या दिवशी तू मला विचारलंस, ‘तुना जमंल ना गो?’ मी आठवीत होते, वर्गात इंग्रजीत पहिली. मी म्हणाले, जमेल की.

तो दिवस मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. आय चुलीपुढे बसलीये, परातीत हळद-मीठ लावलेले जिताड्याचे तुकडे आहेत, आत्या ओल्या गोणपाटातून तो घेऊन पहाटेच निघाली होती म्हणून दमून भिंतीला टेकलीये. मी दाराआड उभी राहून गुरुजींनी लिहून दिलेली चार वाक्यं घोकतेय, वेलकम टू अवर व्हिलेज. मला नवा परकर-पोलका घातलाय. तुझ्या अंगात धुतलेला शर्ट आणि डोक्यावर टोपी. गाव ओट्याशी जमलंय.

साहेब चांगला माणूस वाटला. मांडी घालून बसला, हाताने जेवला, आयच्या हाताला चव आहे म्हणाला. माझी चार वाक्यं ऐकून त्याने माझ्या इंग्रजीचं कौतुक केलं. मग जिताड्याचा तुकडा उचलून त्याने मला विचारलं, हा तुमच्या खाडीतला का? मला प्रश्न नीट कळला. मी तुला सांगितला. तू हातातलं पातेलं खाली ठेवलंस, सरळ उभा राहिलास आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललास:

‘सांग त्याला, यो जितारा आपले खारीचा नाय. उरनशी आनलाय. आपले खारीन यांचे पान्यानं मावरं मेलं.’

खाडीचा नाही, उरणहून आणलाय, आपल्या खाडीतलं मावरं यांच्या पाण्याने मेलं. इतकं साधं. आणि मी साहेबाकडे वळून म्हणाले, ‘येस सर. अवर क्रीक. व्हेरी गुड फिश.’ साहेबाने मान डोलवली, पुन्हा पुन्हा डोलवली, फोटोवाल्याने फोटो काढला. तुला वाटलं, त्याला पटलं. आयने शिकवलं होतं की पानावर बसलेल्या माणसाला कडू बोलू नये, घास अडकतो. मी पाहुण्याचा मान राखला, ठरवून राखला, असं मी नंतर स्वतःला सांगत आले. पण साहेबाच्या शेजारी तो सफारीवाला बसला होता. त्याला मराठी येत होतं, इंग्रजी येत होतं. त्याने तुझं ऐकलं, माझं ऐकलं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि खाली मान घालून भात कालवायला घेतला. मी तेरा वर्षांची होते. तो नव्हता. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

त्या संध्याकाळी तू धक्क्यावर बसून सगळ्यांना सांगत होतास, तोंडावर सांगितलं त्याला, माझ्या पोरीने इंग्लिशमध्ये सांगितलं. लोक माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी घरात जाऊन भांडी घासली.

पुढच्या वर्षी पाणी आणखी बिघडलं तेव्हा गावाने अर्ज केला आणि ठाण्याला सरकारी साहेबापुढे सुनावणी लागली. तू बाटलीत खाडीचं पाणी भरून घेतलंस, मी शाळेच्या गणवेशातच तुझ्याबरोबर आले, गावचे आठ-दहा जण होते. समोर तोच सफारीवाला. त्याने पिशवीतून एक गुळगुळीत कागदाचं रंगीत पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. कंपनी कुठेकुठे गावं नि वस्त्या दत्तक घेते, त्याचं पुस्तक. एका पानावर दक्षिण आफ्रिकेतल्या कुठल्याशा वस्तीतली पोरं होती, डोक्यावर तीच पिवळी टोपी, मागे तसाच नळ, तशीच पाटी. पुढच्या पानावर तू, वाकून वाढताना, आणि साहेबाच्या हातात जिताडा. खाली इंग्रजीत छापलं होतं की कारखान्याशेजारच्या खाडीतला ताजा मासा गावचा प्रमुख पाहुण्यांना वाढत आहे. त्या आफ्रिकेच्या पोरांच्या आयबापांचं म्हणणं तिथे कोण इंग्रजीत सांगत असेल, असं माझ्या मनात आलं.

सरकारी साहेबाने ते वाचून मराठीत तुला विचारलं, नाखवा, तुम्हीच म्हणालात ना, खाडीतला म्हणून? मग मासे मेले हे आता कुठून काढलंत?

तू त्या सफारीवाल्याकडे बघितलंस. मग माझ्याकडे. तेवढ्यात तुला सगळं कळलं, ते मला तुझ्या चेहऱ्यावर दिसलं. पोरीची चूक झाली, एवढं म्हणाला असतास तर सुटला असतास. आठवीतल्या पोरीचं इंग्रजी, कुणीही समजून घेतलं असतं. तू हातातली बाटली टेबलावर ठेवलीस आणि म्हणालास, ‘हो. मीच बोललो.’ मागे गावचे लोक उभे होते, त्यांनी ते ऐकलं. ओट्याशी त्या दिवशी तुझं खरं बोलणं ऐकलेलेही त्यांत होते, पण छापलेल्या फोटोपुढे त्यांना स्वतःच्या कानांवर भरवसा राहिला नाही. काहींना वाटलं, तू आमच्यासमोर एक बोललास आणि साहेबापाशी गुपचूप दुसरं. अर्ज निकाली निघाला.

त्यानंतर गावाने तुला विचारणं सोडलं. होळीला मान दुसऱ्याला गेला. आय बाजारात बसायची तर शेजारच्या कोळणी पाठ करून बसायच्या. मला वाटलं, आता तू मला फोडून काढशील. मी वाट बघत होते, खरंच सांगते, त्याने बरं वाटलं असतं. तू मात्र आठ दिवसांनी मला घेऊन नौपाड्यात गेलास, एका रिटायर झालेल्या इंग्रजीच्या बाईंकडे, आणि त्यांना म्हणालास, हिला सगळं बोलता आलं पायजे. सगळं. दर रविवारी तू त्यांच्या जिन्याच्या पायरीवर दोन तास बसून राहायचास. मला ती शिक्षा वाटायची. मी चिडून शिकले, तुझ्या नाकावर टिच्चून शिकले, इंग्रजीच घेऊन बीए झाले. तोवर तू होडी विकून घोडबंदर रोडवरच्या नव्या बिल्डिंगीच्या गेटवर वॉचमन झाला होतास. निळा युनिफॉर्म, छातीवर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव. मी तो युनिफॉर्म बघून तोंड फिरवायचे.

तू गेलास त्याच्या पुढच्या वर्षी डोंबिवलीत मी इंग्रजी शिकवते त्या शाळेला एका कारखान्याने कॉम्प्युटर द्यायचं ठरवलं. कार्यक्रम झाला, हार झाले, पाटी लागली. त्यांच्या साहेबाने विचारलं, कुणाला काही बोलायचंय? मी उठले आणि त्याला इंग्रजीत विचारलं, तुमचं पाणी कुठे जातं? शाळेमागच्या नाल्याला रोज वेगळा रंग असतो, तो कुणाचा? न अडखळता, पुऱ्या वाक्यांत. नंतर मुख्याध्यापिकांनी मला आत बोलावून चांगलंच झापलं, देणाऱ्या हाताला चावता म्हणाल्या. मी म्हटलं, चावते, आणि पुन्हा चावेन. कॉम्प्युटर आले, नाल्याचा रंग तसाच राहिला, माझी बढती चार वर्षं अडकली. मला त्याचं काडीचं दुःख नाही. त्या दिवशी घरी येताना मात्र वाटलं, हे तुला सांगायला हवं होतं, आणि तू नव्हतास.

आता बिल्डरच्या त्या केंद्राला मी उभं राहू देणार नाही. काचेत ठेवायला तुझी होडी मागतील तर ती कुणाला विकली तेही सांगणार नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा सभा आहे, मी जाणार आहे, आणि तुझं नाव कुणी वाकडं काढलं तर पुन्हा त्याला खाली बसवणार आहे.

पण एक आहे, बाबा. मी सभेत आजवर तुझ्यासाठी इतकं भांडले, त्या सफारीवाल्याचे वाभाडे काढले, गावाचे काढले, आणि ते एक वाक्य कधीच बोलले नाही: माझा बाप खरं बोलला होता, खोटं मी सांगितलं. पाहुण्याचा मान, आयची शिकवण, सगळ्या सबबी मी नंतर जुळवल्या. खरी गोष्ट एवढीच, की तू जे बोललास ते मला इंग्रजीत येत नव्हतं. चार घोकलेल्या वाक्यांपलीकडे मला काहीच येत नव्हतं, आणि आदल्या दिवशी मी तुला ‘जमेल की’ म्हणाले होते. ते तू त्या टेबलासमोर ओळखलंस, आणि तरी मला नौपाड्याला नेलंस.

हे पत्र तुला पाठवता येत नाही, म्हणून तर लिहिता आलं. ते वाचून दाखवायची जागा म्हणजे गावची सभा. तिथे मी हे नेणार नाही, माझं मला ठाऊक आहे. गावात आजही खोटा तूच आहेस, बाबा, आणि मी इंग्रजीच्या बाई.