थोरल्याचं धान्य

बाई, त्या दोन भावांच्या गोष्टीवरून मी आजही तुमच्याशी भांडायला तयार आहे. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, माझे केस पांढरे झाले, नातवंडं शाळेत जायला लागली, पण ते भांडण काही मिटलं नाही. लिहायला तुम्हीच शिकवलंत, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

हसनाबादच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावाबाहेर तुमची एका खोलीची शाळा. तुम्ही नगरकडच्या. नवरा वारल्यावर मिशननं तुम्हाला आमच्याकडे पाठवलं होतं. निजामाची सरकारी शाळा मुलांची, तिथं सगळं उर्दूत. मुलींना अक्षर दाखवणारं तुमच्याशिवाय कुणी नव्हतं. भावकीतले लोक बापाला म्हणाले, पोरी बाटतील. बाप म्हणाला, "पोरी अक्षरं शिकून येतील. देव आपला आपल्यापाशी हाय." आणि त्यानं आम्हा दोघी बहिणींना तुमच्याकडे धाडलं. मी थोरली. धाकटी माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तापात तिचा डावा पाय अधू झाला होता, ती माझ्या खांद्याला धरून चालायची.

तुम्ही तुमच्या ख्रिस्ती शास्त्राचं पहिलं पान उघडलंत तो दिवस मला आठवतो. काहीच नव्हतं तेव्हा देव होता. तो नुसता बोलला आणि उजेड झाला. मग पाणी वेगळं झालं, जमीन वेगळी झाली, गवत आलं, झाडं आली, जनावरं आली आणि सगळ्यांत शेवटी माणूस, तोही मातीचा. आणि प्रत्येक काम झालं की देव त्याच्याकडे बघतो आणि त्याला ते चांगलं वाटतं. घरी जाऊन मी हे आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मातीचा माणूस केला म्हणती? मंग त्यो देव रानात राबल्याला दिसतो." दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात, आणि मला वाटलं, आईला आणि तुम्हाला एकाच देवाची ओळख आहे. त्या सालात निंदणी झाली की मी बांधावर उभी राहून मागं वळून बघायची आणि मोठ्यानं म्हणायची, चांगलं झालं. बायका हसायच्या. ते पान मला तेव्हाही मान्य होतं, आजही आहे.

मग चौथा अध्याय आला. पहिल्या जोडप्याला दोन मुलगे. थोरला शेती करतो, धाकटा मेंढरं राखतो. दोघं देवापुढे आपापलं घेऊन येतात, थोरला रानातलं पीक, धाकटा कळपातलं कोकरू. देव धाकट्याचं घेतो. थोरल्याच्या धान्याकडे बघतसुद्धा नाही. थोरला रागानं आंधळा होतो, भावाला रानात नेऊन मारतो, आणि देव त्याला देशोधडीला लावतो. गोष्ट संपवून तुम्ही विचारलंत, यातून काय शिकायचं? बहीण म्हणाली, भावाला मारू नये. तुम्ही तिच्या डोक्यावरून हात फिरवलात. आणि मी उभी राहिले.

"बाई, देवानं धान्य का न्हाई घेतलं?"

"त्याच्या मनात खोट असेल."

"असं लिव्हलंय का त्यात?"

तुम्ही पुस्तकात बघितलंत. खरंच बघितलंत, बोट ठेवून ओळ न् ओळ, हे मी विसरलेली नाही. मग म्हणालात, "तसं लिहिलेलं नाही."

"मंग जोंधळ्यात काय खोट होती? मेंढरं आपली आपण चरत्यात. जोंधळा नांगरावा लागतो, पेरावा लागतो, पाखरापासून राखावा लागतो. माझा बाप वरीसभर मरून राह्यला त्याच्यापायी. आन् देव बघत बी न्हाई?"

"देवाला जाब विचारायचा नसतो, पोरी."

"मंग कुणाला इचारायचा?"

तुम्ही मला बाहेर जाऊन उभं राहायला सांगितलंत. शाळा सुटेपर्यंत मी उन्हात उभी होते. पाय भाजत होते, पण सावलीत सरकले नाही. आत तुम्ही पुढची गोष्ट सांगत होतात, पृथ्वीभर पाणी झाल्याची, आणि मी भिंतीला कान लावून तीही ऐकली.

सुगी आटोपल्यावर तुम्ही आमच्या घरी आलात. जालन्याला मिशनच्या बोर्डिंगात एका मुलीची जागा होती. पुढे तिथल्याच दवाखान्यात नर्सचं शिक्षण होणार होतं. मी जात्यापाशी बसले होते. हात जात्यावर आणि जीव कानात. शाळेत माझ्याइतकं वाचायला कुणाला येत नव्हतं, बहिणीला तर जोडाक्षरं धड लागत नव्हती. तुम्ही बापाला म्हणालात, "धाकटीला पाठवा." बापानं तिच्या पायाकडे बघितलं आणि हो म्हणाला. उठून जाताना तुम्ही आईशी बोललात, बहिणीशी बोललात. जात्याकडे तुमची नजर वळली नाही.

तेव्हा मी काय केलं, तेही ऐका. बहिणीसाठी दोन पोलकी शिवली, तुम्हीच शिकवलेल्या टाक्यानं. तिच्या पिशवीत शेंगदाण्याचे लाडू बांधले. तिला उचलून गाडीत बसवलं. मनात काय होतं ते माझं मला ठाऊक, पण हात उगारला नाही. ज्याच्याकडे बघितलं जात नाही तो खुनी होतो, असं तुमचं शास्त्र सांगतं. मी झाले नाही. मी रानात गेले आणि पेरलं. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूला नांदायला गेले. तिथंही पेरलं.

निजामाचं राज्य जायच्या आधीचा तो पावसाळा. वाटा धड राहिल्या नव्हत्या, लुटालुटीच्या भीतीनं गावंच्या गावं सामान बांधून नातलगांकडे निघून जात होती. आमचे पुरुष पाळीपाळीनं वेशीवर पहाऱ्याला असायचे. एका दुपारी मी स्वयंपाक करतेय आणि दारात तुम्ही उभ्या. गुडघ्यापर्यंत चिखल, एकाच पायात चप्पल, आणि इतक्या वाळलेल्या की आवाज ऐकेपर्यंत मी ओळखलं नाही. तुमच्या शाळेशेजारची घरं रिकामी झाली होती, तुम्ही एकट्या राहिला होतात. म्हणालात, "तुझ्याकडे धान्य असेल असं वाटलं."

मी तुम्हाला आत घेऊन आले, चुलीपाशी. सासूबाई ओसरीवरून ओरडल्या, "बाटल्याली बाई चुलीपाशी? बिलकुल चालायचं न्हाई." मी म्हणाले, "मंग मी बी भाईर बसते. भाकरी तुम्हीच थापा." त्या घरात मी पहिल्यांदाच उलट बोलले होते. सासूबाई बडबडत राहिल्या, पण उठून आल्या नाहीत.

तुम्ही जेवताय. जोंधळ्याची गरम भाकरी, ठेचा, कांदा. एक संपली, दुसरी मागितलीत. मी तव्यावर तिसरी टाकली आणि विचारलं, "बाई, देवानं त्याचं धान्य का न्हाई घेतलं?"

तुम्हाला लगेच उमगलं मी काय विचारतेय ते. "मला माहीत नाही," तुम्ही म्हणालात. "तेव्हाही माहीत नव्हतं."

"मंग उन्हात का उभं केलं?"

"माहीत नव्हतं म्हणूनच."

मग मी दुसरं विचारलं, जे तेव्हा जात्यापाशी बसून विचारलं नव्हतं: बोर्डिंगात मला का नाही पाठवलं? तुम्ही म्हणालात, "तुझी बहीण लंगडत होती. तिला कुणी करून घेतलं नसतं, भावकीच्या हाताखाली जन्म गेला असता. तू कुठंही उभी राहिली असतीस."

"हे मला तवा सांगितलं असतं तर?"

"तू विचारलं नाहीस. देवाला विचारलंस, मला नाही."

बाई, हे उत्तर मला तेव्हा पटलं नाही आणि आताही पटत नाही. बारा वर्षांच्या पोरीनं येऊन विचारावं, माझं धान्य का नाही घेतलं म्हणून? ज्यानं नाकारलं त्यानं सांगायला हवं. देव असो की बाई असो. बहीण पुढे नर्स झाली, शेकडो बाया तिच्या हातून सुखरूप बाळंत झाल्या, तुम्ही बरोबर निवडलंत हे मी मान्य करते. पण निवड बरोबर होती म्हणून न सांगणं बरोबर ठरत नाही. कुठंही उभी राहील म्हणून जिला सोडून देतात, तिलाही जायचं असतं. आता बहीण माझ्यापाशीच राहते. ती रोज सकाळी तुमचं शास्त्र वाचते, मी ऐकते. चौथा अध्याय आला की मी उठून गोठ्यात जाते. तिला कारण माहीत आहे, ती थांबवत नाही.

तुम्ही आमच्याकडे अकरा दिवस राहिलात, मग एका ओळखीच्या गाडीतून जालन्याला गेलात, बहिणीच्या दवाखान्यात. दिवाळीनंतर बहिणीचा निरोप घेऊन माणूस आला. तुमचं काही खरं नाही, तुम्ही माझी आठवण काढताय, जल्दी ये. तो माणूस दारात पाणी पिऊन उभा होता, गाडी जुंपलेली होती.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. मी त्याला सांगितलं, पेरणी चाललीय, निघता येत नाही. पेरणी कधीच झाली होती, बाई. जोंधळा वीतभर वर आला होता.