बांधाच्या आतला बार

प्रिय हुसेनचाचा,

सलाम. हे पत्र तुम्हांला पोचणार नाही, एवढं मला कळतं. पण आज तुमचा लई राग आलाय. ज्याचा राग आलाय त्यालाच लिहावं, दुसऱ्या कुणाला लिहू?

सकाळी तुमची हमीदा आली. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभी. म्हणाली, "काका, कुरणाकडची पट्टी परत घ्या. अब्बा जाताना बोलले, ती दगडूची अमानत हाय." वर म्हणते, "ठाण्याचा शिपाई येऊन गेला. परवानावाला गेला, आता बंदूक जमा करा म्हणला. रानच न्हाय तर बंदूक तरी कशाला ठिवू?"

अमानत? चाचा, मला न विचारता हा शब्द तुम्ही वापरलात कसा?

ती पट्टी कशी झाली, विसरलात? बैलबाजारात दलालांच्या मागं हिंडून, त्यांची कुजबुज ऐकून मी धंदा शिकलो आणि ते वावर घेतलं. जागीरदाराच्या राखीव कुरणाला लागून, म्हणून स्वस्त. स्वस्त का, ते भुईमुगाला शेंगा धरल्यावर कळलं! दिवस मावळला की कुरणातली डुकरं उतरायची आणि वावर नांगरल्यागत करून जायची. डुकरं जागीरदाराच्या शिकारीसाठी राखलेली, खायला मात्र आमच्याकडं.

कायदा काय, तर रान स्वतःचं असावं आणि परवानाही स्वतःच्या नावाचा असावा, मगच पिकावर आलेल्या जनावरावर बार काढायचा. मी परवाना मागितला की तहसिलीत उत्तर ठरलेलं, "डबे वाजवा." आणि तुमच्याकडं परवाना होता! जागीरदाराच्या शिकारीत उभी हयात घालवली, त्याचं बक्षीस. पण त्यावर लिहिलेलं, 'फक्त स्वतःच्या शेतात'. शेत कुठं होतं तुम्हांला? माझ्याकडं रान, तुमच्याकडं बंदूक, आणि दोघांच्या मधून डुकरं खुशाल जात होती.

म्हणून म्हटलं, कडेची पट्टी तुमच्या नावावर लावतो. तुम्ही दाढीतून हसलात. "दगडू, तू लई पाजी हाईस. पर नावापुरतं रान मला नको. घेतलं तर पेरीन. आन् फुकट घ्यायचा न्हाय." दुसऱ्या दिवशी तुमची काळी शेळी माझ्या दारात बांधून गेलात. पटवाऱ्यानं पट्टी तुमच्या नावावर चढवली. सौदा झाला की नाही? मग अमानत कसली? शेळी परत कुठून आणू? तिच्या नातवंडांनी माझं अंगण भरलंय!

आणि तो पहिला बार! हमीदानं बंदूक ठासून दिली, तुम्ही पट्टीत बसलात. शेंगा चावल्याचा आवाज मला आधी आला, मी बोट दाखवलं आणि तुम्ही बार काढलात. डुक्कर लागलं, पण तसंच धावत बांध ओलांडून कुरणात जाऊन पडलं. कुरणाचा रखवालदार टपलेलाच होता. सकाळी चावडीवर ठाण्याचे अमीनसाहेब खुर्चीत, आणि रखवालदार ओरडतोय, "जागीरदारसाहेबांचं डुक्कर मारलं!"

तुम्ही टोपी नीट केलीत. म्हणालात, "हुजूर, बार माझ्या बांधाच्या आत काढलाय. मरताना कुठं पडायचं, ते डुकरानं ठरवलं. आता हे जनावर साहेबांचं असंल, तर तसं लिहून द्या. हे डुक्कर जागीरदारसाहेबांच्या मालकीचं, आन् साहेब ते घेऊन जाणार. मी पाच वेळचा नमाजी, मी काय त्याला हात लावायचा न्हाय."

अमीनसाहेबांनी रखवालदाराकडं बघितलं. रखवालदारानं आपल्या जोड्याकडं बघितलं. जागीरदारसाहेबही नमाजी, त्यांच्या नावापुढं डुक्कर लिहायची छाती कुणाची होती? "चला, चला," म्हणत अमीनसाहेब उठले. मागं कुणीतरी खुदकन हसलं. कोण ते बाकीच्यांना कळलं नाही, मला आवाजावरून कळलं. तो आपला गावचा पाटील होता.

त्यानंतर कुरणाकडच्या साऱ्या शेतकऱ्यांची मान जरा वर झाली, चाचा. ती मान मी पुन्हा खाली घालू? परवा पाराच्या मागून जाताना दोघं बोलत होते, "म्हातारा गेला, आता दगडू पट्टी गिळंल." माझे कान त्यांना ठाऊक नाहीत. मी वळसा घालून पुढं गेलो आणि म्हटलं, "गिळायची असती तर कवाच गिळली असती. जेवण झालं का?"

हमीदाला मात्र मी रागावलो. म्हटलं, "पोरी, तुझ्या बापानं शेळी देऊन घेतलंय ते. चल माझ्यासंगं." पटवाऱ्याकडं पट्टी तिच्या नावावर लावायला सांगितली. मग ठाण्यात जाऊन बंदूक रीतसर जमा केली आणि तिथंच तिच्या नावानं परवान्याचा अर्ज दिला. नवे अमीनसाहेब हसले. "बाई बंदूक मागते?"

मी बोलायच्या आत हमीदाच बोलली. "साहेब, रान माझ्या नावावर चालतं, शेतसारा माझ्याकडून चालतो. डुकरं काय बाईचं वावर बघून माघारी जात्यात?"

चाचा, तुम्हीच बोललात असं वाटलं हो!

अर्ज त्यांनी ठेवून घेतला. "बघू" म्हणाले. बघा म्हटलं, आम्ही दर आठवडी बाजाराला येऊन बसणार, तुम्हांला आमची तोंडं पाठ होईस्तोवर. जागीरदाराकडून निरोप येईल, पट्टीचे दुप्पट दाम येतील, धमकीही येईल. येऊ दे. भुईमुगाला आऱ्या सुटून मातीत शिरल्यात, शेंगा धरतील, डुकरांना वास लागायला आता वेळ नाही. तोवर रोज दिवस मावळताना तुमच्या बांधावर मी डबे वाजवीन. असे वाजवीन, की जागीरदाराच्या ओसरीवर ऐकू जावेत.

एक वचन देतो. पट्टी हमीदाची, शेंगाही तिच्या. आणि बंदूक परत येईल त्या दिवशी पहिला बार तीच काढील, बांधाच्या आत उभी राहून. त्या संध्याकाळी मी वावरात नसेन. तुमच्या कबरीपाशी येऊन बसेन. माझे कान अजून तिखट आहेत. तुम्हांला ऐकू आलं नाही, तर मी सांगेन.

तुम्हांला एक शेळी देणं न लागणारा,
तुमचा पाजी दगडू