डाग ताऱ्यावरच होते

मित्स्पे रामोन,
९ डिसेंबर १९८२

तीर्थरूप बाबांस ब्राखाचा शालोम.

मी बरी आहे. रूबेनदादा पुन्हा फौजेच्या ड्यूटीवर गेलाय. त्याचं पत्र येतं, फक्त उशिरा येतं. हे आईला सांगू नका, ती काळजी करत बसेल. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं का?

आता खबर ऐका. इथल्या वेधशाळेत मी मृग नक्षत्राजवळच्या एका नारिंगी ताऱ्याचं तेज मोजते. तो आपल्या सूर्याहून लहान आणि थंड आहे. जवळचा म्हणतात, तरी त्याचा उजेड इथे पोचायला साडेदहा वर्षं लागतात. माझ्या आकड्यांत त्याचं तेज ठरावीक दिवसांनी किंचित उतरायचं. प्रोफेसर आमोस म्हणाले, "यंत्र बिघडलंय."

मी म्हटलं, "मग शेजारचा तारा का मंदावत नाही? तोही त्याच यंत्रानं मोजलाय."

त्यांनी दोन महिने सगळं पुन्हा मोजायला लावलं. तेच आकडे आले. ताऱ्यावर काळे डाग आहेत, आणि तो स्वतःभोवती फिरला की ते आपल्यासमोर येतात आणि तेज उतरतं. मंगळवारी सगळ्यांच्या देखत प्रोफेसर म्हणाले, "चूक माझी होती. ब्राखाचं बरोबर होतं." बाबा, टाळ्या वाजल्या तेव्हा मी मान खाली घातली नाही.

छापील लेखावर माझंही नाव येणार आहे. ऑफिसातली ओफ्रा म्हणाली, "आडनाव फार लांब आहे, एखादं सोपं हिब्रू घे." मी कागदावर झिराडकर असंच लिहून दिलं. आता देशोदेशीच्या विद्वानांना आपल्या झिराड गावाचं नाव वाचावं लागेल.

आईला माझा मुका द्या.

तुमची लेक,
ब्राखा झिराडकर