हिरवी वायर म्हणजे अर्थिंग

४ मार्च, सकाळी ८.१५
सूनबाईचा कॉम्प्युटर काल तीनदा आपोआप बंद पडला. कारण उघड आहे. आतला पंखा मरायला टेकलाय, म्हणून पेटी तापते. मी हे पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलं होतं. ऐकतो कोण.

दुपारी १.००
दुकानातून मेकॅनिक येऊन गेला. तिशीचा असेल. गळ्यात हेडफोन, खिशात करंगळीएवढा स्क्रूड्रायव्हर. दोन मिनिटं डोकावला आणि म्हणाला, पंखा बदलावा लागेल, स्टॉकमध्ये नाही, सोमवारी बसवतो. आज बुधवार! बारा व्होल्टच्या खेळण्याला पाच दिवस! मी तेहेतीस वर्षं कारखान्याचं इलेक्ट्रिकल खातं सांभाळलंय. हाताखाली अठरा वायरमन. दीडशे हॉर्सपॉवरची मोटार एका दुपारी उतरवून परत चढवलीय, आणि चहाला वेळेवर घरी आलोय. याचं नाव हेडफोन्या ठेवलं.

दुपारी ३.३०
सूनबाई म्हणाली, थांबते सोमवारपर्यंत. तिला १८ तारखेला संध्याकाळी पाचच्या आत एका शाळेच्या नव्या इमारतीची ड्रॉइंग्ज द्यायची आहेत. चार आर्किटेक्ट शर्यतीत आहेत. काम मिळालं तर ती नोकरी सोडून स्वतःचं ऑफिस काढणार. दोन वर्षं याच एका गोष्टीसाठी सुट्टीच्या दिवशीसुद्धा त्या पेटीसमोर बसलेली असते. मी म्हणालो, पंखा मी बसवतो. ती म्हणाली, नको बाबा, तुम्हाला कशाला त्रास.
त्रास! रिटायर झाल्यापासून या घरात मला कोणी बल्ब बदलायलासुद्धा सांगितलेलं नाही.
चिरंजीव म्हणाले, बाबा, ते फार नाजूक असतं. हा गृहस्थ प्लग वायरला धरून उपटतो.

५ मार्च
पंखा आणला. तळहाताएवढा आहे. सोबत अकरा भाषांतलं माहितीपत्रक. पंखा कसा बसवायचा हे वाचून समजून घेणाऱ्यांची मला कीव येते. केरात टाकलं.

६ मार्च, सकाळी १०.३०
संकल्प: एका तासात काम. साडेअकराला चहा, तोही चालू पंख्यासमोर.

११.४५
चार स्क्रू. त्यातला एक कुठेतरी आत पडला. तीन पुरेत. तसेही हे लोक एक स्क्रू उगाचच लावतात.

१२.२०
नव्या पंख्याची वायर चार बोटं कमी पडते. म्हणून जुन्या पंख्याची वायर प्लगसकट कापली आणि नव्याला जोडली. चार वायरी: काळी, पिवळी, निळी, हिरवी. लाल नाहीच. कंपनीने पैसे वाचवले असणार. काळीला काळी, पिवळीला पिवळी, निळीला निळी. आणि इथे जुन्या पंख्यातली घोर चूक सापडली. हिरवीसुद्धा प्लगमध्येच घातलेली! हिरवी म्हणजे अर्थिंग, हे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि अर्थिंग बॉडीला द्यायचं असतं. मी ती पेटीच्या पत्र्याला स्क्रूखाली आवळली. एवढी मोठी कंपनी आणि माणसांच्या जिवाशी खेळ. कंपनीला पत्र लिहावं म्हणतो.
सांध्यांवर टेप. टेपच्या बाबतीत मी कंजुषी करत नाही. अख्खी गुंडाळी लावली.

१२.५०
पंखा फिरला. पहिल्या झटक्यात. चहा गार झालाय, हरकत नाही.

१.०५
पेटीतून शिट्टी. काळ्या पडद्यावर इंग्रजीत संदेश, की प्रोसेसरचा पंखा चालत नाही, पुढे जायचं तर एफ-वन दाबा. पंखा समोर भणाणतोय! सूनबाईला बोलावून दाखवला. ती म्हणाली, मग हे असं का म्हणतंय? म्हटलं, यंत्राला डोळे नसतात, आपल्याला आहेत. ती म्हणाली, त्या मेकॅनिकला एकदा विचारू का? म्हटलं, माझं डोकं ठिकाणावर आहे तोवर नाही.

७ मार्च
प्रत्येक वेळी चालू करताना शिट्टी. सूनबाई एफ-वन दाबते. पण ते दाबणं मला बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू येतं.

८ मार्च, सकाळी ११.००
मार्ग सापडला. चालू करताना एक बटण दाबलं की आतल्या सेटिंगची निळी पानं उघडतात. तिथे पंख्याचा वेग या ओळीपुढे दुर्लक्ष करा असा पर्याय आहे. केलं. शिट्टी बंद. म्हणजे कंपनीलाही ठाऊक आहे की आपलं यंत्र उगाच बोंबलतं, नाहीतर हा पर्याय दिला असता कशाला? सूनबाई म्हणाली, ग्रेट बाबा. शब्द तिचेच. चिरंजीवांना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ते म्हणाले, हो, ऐकलं मगाशी.

९ मार्च
हेडफोन्याचा फोन. पंखा आलाय, येऊ का? म्हटलं, काम झालं, जाणकार माणसाने केलं. तो म्हणाला, सेटिंगमध्ये स्पीड दिसतोय ना? म्हटलं, पंखा फिरताना दिसतोय, स्पीड काय चाटायचाय? फोन ठेवला. या लोकांना गिऱ्हाईक हातचं गेलं की असे प्रश्न सुचतात.

१३ मार्च
पाच दिवस बिनतक्रार. वाटतंय, इमारतीतल्या सगळ्यांचे कॉम्प्युटर तपासून द्यावेत. अजून कोणी विचारलेलं नाही. विचारतील. घाई नको.

१७ मार्च, दुपारी १.००
सूनबाईने रजा घेतलीय. ड्रॉइंग्ज तयार. आता शाळेची रंगीत चित्रं राहिली, आवार, वर्ग, जिना, सगळं खरं वाटेल अशी. ती चित्रं कॉम्प्युटर स्वतः काढतो, पण त्याला सलग अठरा तास लागतात, आणि मध्ये बंद पडला तर पहिल्यापासून. तिने विचारलं, बाबा, टिकेल ना? मी नुसता हसलो. कारखान्यात माझ्या मोटारी अठरा-अठरा महिने थांबत नसत.
पेटीवर हात ठेवून पाहिला. गरम. काम करणारी वस्तू गरम होणारच.

१८ मार्च, सकाळी ६.२०
बंद. एक तास बाकी होता.
मी पेटी उघडली. उष्णतेने टेपचा डिंक सुटला आणि तिचं शेपूट पात्यांत अडकलं. पंखा कधी थांबला देव जाणे. शिट्टी वाजायला हवी होती. का वाजली नाही ते मला ठाऊक आहे. इथे लिहीत नाही.
सूनबाईला म्हणालो, हल्ली टेपसुद्धा भिकार मिळते. ती जमिनीवर बसून होती. तिने फोन उचलला.

सकाळी १०.१५
हेडफोन्या आला. मला म्हणाला, काका, जरा टॉर्च धरता? धरला.
त्याने टेप सोलली, वायरी पाहिल्या आणि सूनबाईला म्हणाला, मॅडम, पंखा किती वेगाने फिरतोय ते बोर्डाला सांगते ती ही हिरवी वायर, ही पत्र्याला कोणी आवळली? मग निळी पानं उघडून बघितली आणि म्हणाला, वर धोक्याची सूचनाही बंद करून ठेवलीय, ज्याने कोणी हे केलं त्याला पुन्हा घरात घेऊ नका.
माझ्या तोंडून निघून गेलं, हल्ली कोणीही उठतो आणि हात घालतो.
सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. मग त्याला म्हणाली, दुसऱ्या दुकानातला माणूस आला होता. मी म्हणालो, हो.
हेडफोन्या म्हणाला, काका, थोडा डावीकडे. मी टॉर्च डावीकडे केला. अकरा मिनिटांत काम झालं त्याचं.

संध्याकाळी ५.३०
सूनबाई नुसती ड्रॉइंग्ज देऊन आली. चित्रांच्या जागी कोरी पानं गेली. तिने ड्रॉइंग्ज फार सुंदर काढली आहेत. मी आज पहिल्यांदा नीट पाहिली.

२४ मार्च, सकाळी
काल निकाल लागला. काम दुसऱ्याला गेलं. रात्री जेवताना चिरंजीवांनी विचारलं, नक्की कमी कुठे पडलो? सूनबाई म्हणाली, चित्रं नव्हती ना. ते म्हणाले, पण मशीन ऐन वेळी बंद कसं पडलं? ती म्हणाली, जुनं झालंय आता, आणि त्यांच्या पानात पोळी वाढली.
सगळं सांगून टाकायचं ठरवूनच मी पानावर बसलो होतो. दुपारी एकट्याने दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. तोंड उघडलं. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, भाजीत मीठ अगदी बरोबर पडलंय आज.
सूनबाई म्हणाली, थँक्यू बाबा.